कूपखानकाचा चिखल

फाल्गुन सरून चैत्र लागला, म्हणजे कोकणातील गृहस्थ परसदारी विहीर खणावयास घेतो. उन्हाळा त्याने मुद्दामच निवडलेला असतो. भूगर्भातील पाणी सर्वांत खाली गेलेले असताना जी विहीर पाण्याला पोचते, ती वर्षभर पुरते. श्रावणात चार हातांवर पाणी लागले म्हणून थांबणाऱ्याची पुढल्या चैत्रात फसगत होते. शौचकूप व शोषखड्डा यांपासून निदान पन्नास फूट दूर जागा धरावयाची, कुदळ फिरविता येईल एवढा ऐसपैस घेर आखावयाचा, आणि वरची माती काढून जांभ्याला हात घालावयाचा. जांभा हा दगड मोठा समजूतदार. हवा लागेपर्यंत तो कुदळीला वश असतो, आणि हवा लागली की कठीण होऊन विहिरीची भिंत आपली आपणच धरून ठेवतो. त्याच्या खाली मात्र मऊ, चिकट, पांढुरकी माती लागते. ती ढासळते, म्हणून तेथे बांधकाम करावे लागते. आणि पुष्कळदा तेथेच पाणीही लागते.

पहिले पाणी पाणी म्हणून ओळखूही येत नाही. पायाखालची माती ओलसर होते, मग चिकट होते, मग टाचेने पडलेल्या खळग्यात एक गढूळ थेंब साचतो. त्या क्षणी खणणारा मनुष्य नखशिखांत मळलेला असतो. केसांत तांबडी धूळ, अंगावर घामाचे ओघळ, गुडघ्यापर्यंत चिखल.

या मनुष्याकडे भगवान पतंजलींचे लक्ष गेले होते. महाभाष्याच्या अगदी प्रारंभी, पस्पशाह्निकात, एक शंका आली आहे. शुद्ध शब्दांच्या ज्ञानाने धर्म होतो असे मानले, तर त्यांच्याबरोबर अपशब्दांचेही ज्ञान होतेच, मग त्यायोगे अधर्मही होईल, त्याची वाट काय? या शंकेचे एक उत्तर म्हणून भाष्यकारांनी विहीर खणणाऱ्याचा दृष्टांत दिला. खणताना तो माती व धूळ यांनी माखतो हे खरे. पण पाणी लागले की त्याच पाण्याने त्याचा मळ जातो आणि शिवाय पुढे मोठा लाभ होतो तो निराळाच. पंडितांच्या सभेत हा 'कूपखानकन्याय' म्हणून प्रसिद्ध आहे.

न्याय सुंदर आहे, आणि म्हणूनच तो जपून वापरला पाहिजे. व्याकरणाच्या आवारातून तो व्यवहारात आला की त्याचे रूप पालटते. 'शेवटी पाणी लागणार आहे ना? मग वाटेत अंगाला काय लागले याचा विचार कशाला?' असे म्हणणारा मनुष्य त्याच न्यायाचा आधार घेतो. धरण बांधणारा, कारखाना काढणारा, संस्था उभारणारा, प्रत्येकजण आपल्याला कूपखानक समजतो. तेव्हा हा न्याय केव्हा लागू पडतो आणि केव्हा पडत नाही, याचा निर्णय केला पाहिजे. आणि तो सभेत बसून करण्यापेक्षा विहिरीच्या काठाशी बसून केलेला बरा.

पहिली अट तर उघडच आहे. अंगाला लागलेला मळ त्या कामापासून वेगळा न करता येणारा असला पाहिजे. मातीला हात न लावता विहीर खणता येत नाही. कुदळीखाली मुळे तुटतात, गांडुळे मरतात, मुंग्यांची घरे उद्ध्वस्त होतात. कितीही दयाळू खणणारा असला तरी हे टळत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायातील ४८ व्या श्लोकात अग्नीला जसा धूर तसा प्रत्येक आरंभाला दोष वेढून असतो असे सांगून, तेवढ्याकरिता सहज कर्म टाकू नये असा निर्णय दिला आहे. तो येथे लागू पडतो. परंतु विहीर खणता खणता शेजाऱ्याचा बांध कोरला, तर तो धूर नव्हे. बांध न कोरताही विहीर होत होती. तो मळ विहिरीच्या पाण्याने जात नाही.

दुसरी अट सूक्ष्म आहे, आणि बहुधा तीच विसरली जाते. भाष्यकारांच्या दृष्टांतात मळलेला कोण आणि धुतला जाणारा कोण? दोन्ही एकच. ज्याच्या अंगाला चिखल, त्याच्याच अंगावर पाणी. हा एकपणा काढून घेतला, तर न्यायाचा प्राणच गेला. एकाने मळावे आणि दुसऱ्याने स्नान करावे, असे झाले तर तेथे दोष धुतला गेला असे कोण म्हणेल? मळ जागच्या जागी राहिला. पाणी मात्र दुसरीकडे गेले.

यावर कोणी म्हणेल, मजुरी दिली की हिशेब मिटला. गृहस्थाने स्वतःच खणले पाहिजे असे कोठे आहे? आक्षेप टाकाऊ नाही. वृद्धाने, आजाऱ्याने, एकट्या विधवेने काय करावे? श्रम विकत घेणे हा काही अधर्म नव्हे. परंतु विहिरीच्या कामात केवळ श्रम नसतात. दहा हातांखाली गेल्यावर भिंत केव्हा सुटेल याचा नेम नसतो. तळाशी जड, कोंदट हवा साचते. म्हणून जुने लोक आधी पेटता कंदील दोराने खाली सोडतात. तो विझला तर माणूस उतरत नाही. (कंदील विझला नाही म्हणजे हवा निर्धोक, असे मात्र समजू नये; काही विषारी वायू दिव्याला कळत नाहीत, माणसालाच कळतात आणि तेही उशिरा.) खाली उतरलेल्याचा जीव वर दोर धरणाऱ्याच्या हातात असतो. घमेले वर ओढणारा क्षणभर बेसावध झाला तर दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. म्हणून परसातली लहानशी विहीरसुद्धा खरे पाहता एकट्याचे काम नव्हे. मजुरी श्रमाची ठरविता येते. या जोखमीची मजुरी कशी ठरवावी, याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञांनी दिले असेल. धर्मशास्त्राला ते अजून पटवून द्यावयाचे आहे. एवढे तरी खरे की, भाड्याचा मनुष्य खाली असता मालकाने निदान वरचा दोर आपल्या हाती धरला, तर दोघांच्या नात्यात काही निराळे घडते. दोर धरणाऱ्याच्या तळहाताला फोड येतात. तेवढा तरी चिखलाचा वाटा त्याच्याकडे येतो.

पण मजुरीचा प्रश्न येथवरच थांबला असता तर बरे होते. या देशात विहिरी, तळी आणि बांध यांचे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातांनी झाले, त्यांत वडार आहेत, गावोगावचे भूमिहीन मजूर आहेत, अस्पृश्य मानले गेलेले लोक आहेत. यांतील कितीतरी हातांना, पाणी लागल्यानंतर त्याच पाण्याला शिवण्याची मुभा नव्हती. काल तळाशी उभे राहून ज्याने पहिला गढूळ थेंब ओंजळीत घेतला, त्याने आज काठापासून दूर उभे राहून कोणीतरी वरून पाणी ओतील याची वाट पाहावयाची! पतंजलींच्या दृष्टांताचे याहून पूर्ण विपरीत रूप कल्पिता येणार नाही. आणि ज्या पंडितांच्या मुखी हा न्याय होता, त्यांच्या घरामागेही विहिरी होत्या. त्यांना ही विसंगती दिसली नाही, की दिसून न दिसल्यासारखी केली, हा प्रश्न संस्कृत विद्येच्या अभिमान्यांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

या संदर्भात पुण्यातील एका घराची आठवण होणे अपरिहार्य आहे. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठ्याविषयी भाषण करणे सोपे. घरच्या हौदाला हात लावू देणे कठीण, कारण तेथे घरातल्या माणसांची, शेजाऱ्यांची आणि नातलगांची तोंडे रोज दिसतात. पुढे १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. त्यानंतर तेथील काही सनातनी मंडळींनी तळ्याची 'शुद्धी' केली. ज्या पाण्याने मळ धुवावयाचा, त्यालाच धुण्याची पाळी आली! कोर्टातील वाद १९३७ पर्यंत चालला व मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. १९५० च्या राज्यघटनेने १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तळी व स्नानघाट यांचा नावनिशीवार उल्लेख केला, पण तो शासनाच्या पैशाने राखलेल्या किंवा लोकांना अर्पण केलेल्या पाणवठ्यांपुरता. परसातली विहीर त्या अनुच्छेदाबाहेर राहिली. ती गृहस्थाच्या विवेकावर सोपविली गेली.

विवेक किती वेगाने चालतो हे २०१६ साली दिसले. वाशीम जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या पत्नीला दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी नाकारण्यात आले. त्याने रोजची मजुरी सांभाळून सुमारे चाळीस दिवस एकट्याने खणले. प्रारंभी कोणी साथ दिली नाही, लोक त्याला वेडा म्हणाले. पाणी लागले, आणि ते वस्तीतल्या इतरांनीही भरले. दोर धरणाऱ्यावाचून एकट्याने उतरण्याचे अनुकरण कोणी करू नये. परंतु ज्याचा चिखल त्याचेच पाणी, हा न्याय तेथे अक्षरशः खरा झाला.

एवढ्यावरून 'ज्याचे श्रम त्याचे पाणी' असा सिद्धांत मात्र काढता येत नाही. तसा काढला, तर त्या मजुराने वस्तीला पाणी का भरू दिले, याचा उलगडा होणार नाही. श्रमाने खड्डा निर्माण होतो. पाणी श्रमाने निर्माण होत नाही. ते अगोदरच होते. ते कोणाच्या अंगणात पडलेल्या पावसाचे, कोणाच्या शेतातून मुरलेले, कोणाच्या कुंपणाखालून सरकत आलेले, हे कोणी सांगावे? १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने, जमिनीखाली ठरीव प्रवाहावाचून असलेले पाणी आपल्या हद्दीत घेण्याचा अधिकार जमीनमालकाला मानला आहे. कायद्याला हद्द दिसते. पाण्याला ती दिसत नाही. एका विहिरीवर पंप बसवून ते भराभर उपसले की भोवतालच्या मातीतील पाण्याची पातळी त्या विहिरीकडे उतरती होते आणि शेजारच्या उथळ विहिरीचा तळ उघडा पडतो. पोहऱ्याने शेंदणाऱ्याच्या हातून एवढे सहसा घडत नाही. त्याचे खांदे दुखू लागतात, तेव्हाच तो थांबतो.

येथे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४६ वा श्लोक स्मरतो. त्यात विहिरीसाठी 'उदपान' असा शब्द आहे. आचार्यांत त्याच्या अर्थाविषयी मतभेद आहे. श्रीशंकराचार्य म्हणतात, लहान जलाशयांनी जी जी प्रयोजने साधतात ती सर्व महापुरात सामावतात. श्रीरामानुजाचार्यांच्या मते, तुडुंब भरलेल्या जलाशयातून तहानेला आपल्या प्रयोजनापुरतेच घेतो, असा भाव आहे. वेदार्थाविषयी कोणाचे म्हणणे ग्राह्य, हा वाद येथे नको. विहिरीच्या काठावर मात्र रामानुजांचा अर्थ कळशी घेऊन आलेल्या बाईलाही समजावून सांगावा लागत नाही.

धर्मशास्त्रात विहिरीचा 'उत्सर्ग' सांगितला आहे. खणणाऱ्याने आपले स्वामित्व सोडून पाणी सर्व भूतांना अर्पावयाचे. अर्पण केल्यावर त्यालाही त्या सर्वांतील एक म्हणून ते पिण्यास हरकत नाही. परसातल्या विहिरीचा असा विधिपूर्वक उत्सर्ग कोणी करीत नाही, आणि तो केलाच पाहिजे असे शास्त्रही म्हणत नाही. पण उत्सर्ग न झालेल्या, परक्याच्या पाण्याविषयी याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात एक लहानसा नियम आहे. तळातील मातीचे पाच गोळे बाहेर काढल्यावाचून परक्याच्या पाण्यात स्नान करू नये, असे तेथे म्हटले आहे. हा नियम वाचताना बहुतेकजण तो जुन्या काळचा एक बारीक आचार म्हणून पुढे जातात. विहीर खणलेल्या मनुष्याला तो निराळा दिसतो. स्मृतिकाराने येणाऱ्याकडून दाम मागितला नाही, जात विचारली नाही. गाळाचा थोडा वाटा मागितला. ज्याने पाणी घेतले त्याच्या हाताला थोडा तरी चिखल लागावा, एवढीच ती अट. आणि ती पाळताना पाणवठा थोडा खोलही होतो.

गाळ हा काही एकदाच काढून संपत नाही. दर पावसाळ्यात वरची माती उतरते, पाने कुजतात, झऱ्यांची तोंडे बुजतात. पाणी लागले त्या दिवशी कूपखानक स्वच्छ झाला असे भाष्यकार सांगतात. परसातल्या विहिरीला मात्र दोन-चार वर्षांनी पुन्हा वैशाखात कोणीतरी उतरावे लागते. त्या दिवशी सकाळी घरधनी रहाट तपासतो, कंदील पेटवून खाली सोडतो, आणि शेजारच्या घरांतून ज्यांनी वर्षभर पाणी नेले ती माणसे आपापली घमेली घेऊन काठावर जमतात. कोणी उतरतो, कोणी दोर धरतो. दुपारपर्यंत काळाशार गाळ माडांच्या आळ्यांत पडलेला असतो, आणि तळाशी गढूळ पाणी पुन्हा चढू लागलेले असते. ते निवळावयास एक रात्र जावी लागते. तोवर उतरलेल्या माणसाच्या स्नानाला पाणी कोणाच्या तरी घरून आणावे लागते, आणि ते बहुधा न मागताच आलेले असते.