शेवटचा एक

111111111 ला त्याच संख्येनं गुणलं की 12345678987654321 मिळते. सतरा अंक, एकापासून नऊपर्यंत चढत जाणारे आणि तसेच उतरणारे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (1905–1986) अशा संख्यांना डेम्लो म्हणत. हे नाव त्यांनी एका रेल्वे स्टेशनवरून घेतलं, आजच्या डोंबिवलीवरून. अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो ती 'हर्षद' संख्या, हेही त्यांचंच नाव. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज 81 येते आणि 81 नं तिला पूर्ण भाग जातो. म्हणजे ती डेम्लोही आहे आणि हर्षदही.

एका कामात मी सतरा अंकी खातेक्रमांक 'संख्या' म्हणून साठवले होते. चाचणीसाठी सहज ही डेम्लो टाकली. जावास्क्रिप्टनं परत दिली 12345678987654320. कारण ठाऊक होतं, तरी मी विसरलो होतो. 2 च्या 53 व्या घातापुढे, म्हणजे 9007199254740992 नंतर, त्या साठवणीत प्रत्येक पूर्णांकाला जागा नसते. या टप्प्यात फक्त सम संख्या मावतात. विषम आली की तिला शेजारच्या सम संख्येच्या घरात बसवलं जातं.

एवढ्या मोठ्या संख्येत एकाचा फरक म्हणजे काहीच नाही. पण नवी संख्या उलटी वाचली तर तीच राहत नाही. ती पूर्ण वर्गही नाही, कारण शेवटी एकच शून्य असलेली संख्या वर्ग असूच शकत नाही. गंमत अशी की ती हर्षद मात्र आहे: बेरीज 80, आणि 80 नं भाग जातो. म्हणजे शेजारीणही गुणी आहे, फक्त ती वेगळी आहे.

तेव्हा मला भंडारा जिल्ह्यातलं आमचं घर आठवलं. खरेदी केंद्रावर धान मोजताना काटा थोडा इकडेतिकडे झाला तर आबाजी म्हणायचे, "जाऊ दे गा, मूठभर धानानं काय होते?" पण चुकारे जमा व्हायचे म्हटलं की पासबुकावरचा आकडा बोट ठेवून दोनदा वाचायचे. शाळा फारशी न शिकलेल्या त्या माणसाला फरक नीट कळत होता. धान हे माप आहे, तिथे 'जवळपास' चालतं. खातेक्रमांक म्हणजे नाव, आणि जवळपासचं नाव दुसऱ्याचं असतं.

कापरेकर प्रत्येक संख्येकडे नावानं ओळखीच्या माणसासारखं बघत. मी मात्र माणसांच्या नावांकडे माप म्हणून बघत होतो. एक टक्का चूक चालेल, असं आम्ही बैठकीत सहज म्हणतो. यादी लाखाची असेल तर त्यात हजार आबाजी असतात, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकापुरती ती चूक शंभर टक्के असते.

मी ते क्रमांक आता अक्षरं म्हणून साठवतो. बदल एका ओळीचा होता. शेवटचा एक आता जागेवर राहतो.