इसहाकाच्या विहिरी आणि आपली बावखले



उत्पत्तीच्या पुस्तकातील २६ व्या अध्यायात एक प्रसंग येतो. अब्राहामाच्या काळात खोदलेल्या विहिरी त्याच्या मृत्यूनंतर पलिष्ट्यांनी मातीने बुजवून टाकल्या. त्याचा पुत्र इसहाक याने त्या पुन्हा उपसल्या आणि वडिलांनी दिलेलीच नावे त्यांना दिली. पाण्यावरून भांडणे झाली. तरी इसहाक खोदत राहिला.

वसईकरांना हा प्रसंग परका वाटू नये. आपल्या पूर्वजांनी वाड्यांमधून बावखले राखली. पावसाचे पाणी बावखलात उतरते, सावकाश जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना पाझर फुटतो. समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये वसलेल्या आपल्या पट्ट्यात हे गोडे पाणीच जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याला थोपवून धरते. आपल्या केळी, फुले आणि पानवेली याच पाण्यावर वाढल्या. बावखलात भराव पडला की पावसाळ्यात पाणी अंगणात शिरते आणि उन्हाळ्यात विहीर मचूळ होते. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले, रेल्वे बंद पडली. त्याची कारणे अनेक. पण पाणी सामावणाऱ्या जागा कमी होणे हे त्यांतील एक.

कायदा नाही असे नाही. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या शेजारची ठाणे खाडी २०२२ साली रामसर यादीत आली. केंद्र सरकारने २०१७ साली पाणथळ जागांसाठी नवे नियम केले. परंतु पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने तयार केलेले जलसाठे आणि मिठागरे या नियमांतून वगळलेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पाणथळ जागांची प्रत्यक्ष पाहणी करून हद्द ठरवण्यास सांगितले, ते २.२५ हेक्टरपेक्षा, म्हणजे सुमारे साडेपाच एकरांपेक्षा, मोठ्या जागांबाबत. आपले बावखल असते काही गुंठ्यांचे! कायद्याच्या जाळ्यातून ते सहज निसटते. म्हणूनच ते सांभाळणे गावाच्या हाती आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पाणथळ जागा आणि खारफुटीच्या ऱ्हासाचा स्पष्ट उल्लेख केला. आपल्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी हरित वसईसाठी लोकांना रस्त्यावर आणले, तेव्हा जमीन आणि पाणी हा श्रद्धेचाही विषय आहे, हेच त्यांनी कृतीने सांगितले.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे पाहू या. पुष्कळ बावखले खाजगी मालकीची आहेत. त्यांचा लाभ साऱ्या आळीला होतो, पण जमीन न विकल्याचा तोटा एकट्या मालकाला सोसावा लागतो. घरात आजारपण असेल, मुलांची फी भरायची असेल, अशा वेळी त्याला नुसता उपदेश करणे हा न्याय नव्हे. त्याचे ओझे वाटून घेणे ही शेजारप्रीती होय.

म्हणून आपण एवढे करू या. प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपल्या आळीतील बावखलांची नावानिशी यादी करावी. पावसाळ्यापूर्वी सर्वांनी मिळून, सर्वधर्मीय शेजाऱ्यांना बरोबर घेऊन, गाळ व जलपर्णी काढावी. खर्च मालकावर टाकू नये. बावखल राखणाऱ्याला करात सवलत मिळावी आणि विकास आराखड्यात बावखलांची नोंद व्हावी, यासाठी महानगरपालिकेकडे सह्यांचे निवेदन द्यावे. भराव पडताना दिसला तर त्याच दिवशी तहसील कार्यालयात लेखी तक्रार करावी.

इसहाकाने विहिरींना जुनी नावे दिली, कारण ते पाणी त्याला वारशाने मिळाले होते. आपल्या नातवंडांनाही बावखलाचे नाव आणि पाणी दोन्ही मिळावे, यासाठी परमेश्वर आपल्याला इसहाकाची चिकाटी देवो. आमेन.