चित्रातल्या घोड्याची साक्ष

गडहिंग्लज तालुक्यात नेसरीची खिंड आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर तिथं सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. त्या स्वारांची नावं परंपरेनं सांगितली जातात, प्रतापरावांचं स्मारकही तिथं उभं आहे. पण कोणाचा घोडा कुठल्या रंगाचा होता, प्रतापरावांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय उमटलं होतं, हे पाहून चितारणारा तिथं कोणी नव्हता. तरीही या भागातल्या शाळकरी पोराला विचारलं, तर तो सगळा प्रसंग डोळ्यांदेखत घडल्यासारखा सांगतो. कारण त्यानं तो पाहिलेला असतो: कॅलेंडरवर, शाळेच्या भिंतीवर, शिवजयंतीच्या फलकावर.

अलीकडे अशी चित्रं फारच स्पष्ट होत चालली आहेत. घोड्याच्या मानेवरची फुगलेली शीर, तोंडाचा फेस, लगामाच्या चामड्याला पडलेली भेग, तलवारीच्या पात्यावर चमकून गेलेलं ऊन. पाहणारा म्हणतो, "अगदी फोटोच!" चित्रकाराला याहून मोठी शाबासकी नको असते. आणि दुसऱ्याच क्षणी तोच पाहणारा जवळ सरकतो, डोळे बारीक करतो आणि विचारतो, "पण हे हातानं काढलंय कशावरून?"

फोटोसारख्या चित्राभोवती शंका दोन असतात आणि त्या एकमेकींत मिसळून जातात. पहिली हाताबद्दलची: हे रंगवलंय की छापलंय, कॅमेऱ्यावरून उतरवलंय की यंत्राकडून करून घेतलंय? दुसरी साक्षीबद्दलची: यात दिसतं ते कोणी पाहिलं होतं का? पहिल्या शंकेवर रान उठतं. दुसरी सहसा कोणी विचारतच नाही. खरं तर अधिक महत्त्वाची तीच आहे.

पहिलीचं उत्तर तुलनेनं सोपं आहे. १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत फोटोरिअलिझम या नावानं जी चळवळ उभी राहिली, तिनं फोटो कधी लपवलाच नाही. चक क्लोजनं १९६७-६८ मध्ये स्वतःचा चेहरा जवळजवळ नऊ फूट उंचीचा रंगवला, तो फोटोवर चौकोन आखून, एकेक चौकोन मोठा करत. कॅमेऱ्याला एका जागी नेम धरावा लागतो, त्यामुळे नेमाच्या पुढचं आणि मागचं धूसर होतं. ते धूसरपणही त्यानं रंगात उतरवलं. म्हणजे त्याचा विषय माणूस तर होताच, पण कॅमेरा माणसाला कसा पाहतो, हाही होता. चौकोनांची ही युक्ती कोल्हापुरात कोणाला शिकवावी लागली नसती. सिनेमाचे बॅनर रंगवणारे इथले पेंटर हातभर फोटोवर ग्राफ आखूनच वीस-वीस फुटांचे चेहरे उभे करत आले. त्यांना कोणी लबाड म्हटलं नाही, कारण त्यांनी काही दडवलं नव्हतं. तामिळनाडूचे चित्रकार इलयाराजा २०२१ मध्ये कोरोनानं अकाली गेले. दारातून आलेल्या तिरप्या उन्हात बसलेल्या त्यांच्या चित्रांतल्या बायका पाहून हा फोटो नव्हे यावर अनेकांचा विश्वास बसत नसे. तिथंही साधन कुठलं, हा प्रश्न दुय्यमच होता. फोटो, प्रोजेक्टर, ग्राफ ही हत्यारं आहेत. खोटेपणा असतो तो वापरलेलं हत्यार नाकारण्यात.

कोल्हापूरच्या मातीत तर कुंचला आणि कॅमेरा यांचं वैर कधी नव्हतंच. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता असे पडदे की प्रेक्षकाची नजर आत चालत जावी. चलच्चित्राचं वेड लागल्यावर या मंडळींनी कॅमेराच तयार करायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले, पण बाबूरावांनी काम तडीस नेलं आणि १९२० मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पुण्यात झळकला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सरकारनं तो प्रसंग कापायला लावला. पडद्यावर कोणी मेलेलं नाही, हे सरकारला ठाऊक होतं. प्रेक्षकांनाही ठाऊक होतं. तरी कात्री चालली. माहीत असूनही खरं वाटणं म्हणजे मनात नेमकं काय होणं, हा प्रश्न त्या कात्रीनं ऐरणीवर आणला.

या प्रश्नावर हजार-अकराशे वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये मोठा वाद झाला होता आणि त्यातलं मुख्य उदाहरण होतं चित्रातल्या घोड्याचं. नवव्या शतकातल्या श्रीशंकुकाचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचं मत अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती'तून कळतं. रंगभूमीवर रामाचं काम करणारा नट पाहताना प्रेक्षकाला काय वाटतं, असं शंकुक विचारतो. "हा रामच आहे" असं खात्रीचं ज्ञान होतं का? नाही. आधी राम समजून मग "हा राम नव्हे" अशी फसगत उघडी पडते का? तसंही नाही. "हा राम असेल की नसेल" असा संशय? नाही. "हा रामासारखा आहे" अशी तुलना? तीही नाही. या चारांहून वेगळी अशी एक प्रतीती असते. भिंतीवर घोडा रंगवलेला दिसला की माणूस सहज "घोडा" म्हणतो. तो फसलेला नसतो, संशयात नसतो आणि ताळा करत बसलेला नसतो. साहित्यशास्त्र शिकलेल्या मराठी विद्यार्थ्यांना हा चित्रतुरगन्याय परीक्षेपुरता पाठ असतो. फोटोसारख्या चित्रापुढे उभं राहिलं की त्याची खोली कळते. कारण असं चित्र प्रेक्षकाला नेमकं त्या पाचव्या जागेवरून उठवतं आणि तिसऱ्यात, म्हणजे संशयात, नेऊन बसवतं. घोडा पाहायला आलेला माणूस कापडाचं पोत तपासू लागतो, कुंचल्याची खूण शोधू लागतो. रस तिथंच आटतो. चित्रकाराच्या कौशल्याचा हा विजय नव्हे. त्या कौशल्यानं प्रेक्षकाला चित्राबाहेर काढलेलं असतं.

पण शंकुकाला उत्तर देणारा भट्टतौत अधिक खोल गेला. तो अभिनवगुप्ताचा गुरू. नट रामाचं अनुकरण करतो असं म्हणायला आधी मूळ राम कोणीतरी पाहिलेला असावा लागतो, असा त्याचा आक्षेप. मूळच पाहिलेलं नाही, तर ही नक्कल आहे आणि ती हुबेहूब आहे, हे ठरवणार कोण? या एका प्रश्नानं दुसऱ्या शंकेचं दार उघडतं.

मूळ न पाहता हुबेहूबपणा ठरवण्याचा एक ठळक अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. एके काळी इब्राहीम खान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी चिकाटीनं शोध घेऊन महाराजांचं समकालीन चित्र १९३० च्या दशकात लोकांसमोर आणलं आणि ती चूक मिटवली. लोकांनी इतकी वर्षं ज्या चित्राला हात जोडले, त्यांची भक्ती खोटी नव्हती. साक्ष चुकीची होती. पुढं कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांनी रंगवलेलं महाराजांचं चित्र राज्य सरकारनं अधिकृत म्हणून स्वीकारलं आणि ते कचेऱ्या-कचेऱ्यांत लागलं. कांबळे सिनेमाच्या पोस्टर-बॅनरच्या कामात मुरलेले होते. जिवंत माणूस समोर उभा करण्याची ताकद त्यांच्या हातात होती आणि ती त्यांनी समकालीन आधार नसलेल्या जागाही भरायला वापरली. तशी ती वापरावीच लागते. अडचण येते ती प्रेक्षकाकडून. फोटोसारखं दिसलं की मन त्याला फोटोचाच मान देतं. फोटोवर आपला विश्वास बसतो तो त्याच्या स्पष्टपणामुळे नव्हे. भिंगापुढे खरोखर कोणीतरी होतं आणि त्याच्यावरून आलेला उजेड आत गेला, म्हणून बसतो. नेसरीच्या चित्रातला घामाचा थेंब तसा कुठल्याही उजेडानं आणलेला नाही. तो चित्रकारानं कल्पिलेला आहे, आणि कल्पिलेला आहे हे लपवण्याइतका चांगला रंगवलेला आहे.

म्हणून इतिहासचित्रकारानं चित्राखाली दोन ओळी लिहायला हव्यात: तलवार कुठल्या संग्रहालयातल्या नमुन्यावरून, पागोटं कशावरून, घोडा कुठल्या जिवंत जनावरावरून घेतला आणि चेहरा कल्पनेनं केला. जुन्या देवळांची डागडुजी करतानाही नवा दगड ओळखू यावा, असा संकेत जाणकार पाळतात. त्यानं देऊळ उणं होत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: चेहरा कल्पनेतला आहे असं सांगितलं, तर श्रद्धा ढळणार नाही का? राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या, त्या रक्तामांसाच्या बायकांसारख्या. मराठी देवघराला चेहऱ्याची सवय लागली ती तेव्हापासून. पण त्याच मराठी मुलखात, कोल्हापूर जिल्ह्यातच, नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या नुसत्या पादुका आहेत. हुबेहूबपणाचा प्रश्नच नाही. तरी गुरुवारी आणि पौर्णिमेला तिथं दर्शनाच्या रांगा लागतात. मूर्ती असो वा पादुका, तिचं देवपण रूपसाम्यावर अवलंबून नसतं. प्राणप्रतिष्ठा, नित्य उपचार आणि पिढ्यांची ये-जा यांतून ते येतं. शूरांच्या स्मरणालाही हेच लागू आहे. प्रतापरावांचं शौर्य कोणाच्या कुंचल्याच्या बारकाव्यावर टेकलेलं नाही.

आता उलट बाजूचं उदाहरण. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधल्या कलादालनात हातात दिवा घेतलेल्या एका तरुणीचं चित्र आहे. एका हातात दिवा, दुसरा हात वाऱ्यापासून ज्योत जपणारा. ज्योतीचा उजेड बोटांआडून झिरपतो आणि बोटांच्या कडा तांबूस होतात. चेहऱ्यावर तोच उजेड खालून वर चढलेला, मागे भिंतीवर तिची मोठी सावली. मागे बल्ब लावलाय की काय, अशी शंका पाहणाऱ्याला येतेच. हे चित्र सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं, १९४५-४६ मधलं, आणि तेही जलरंगातलं. समोर दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांची लेक गीता. लग्नानंतरच्या गीता उपळेकर २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, कोल्हापुरात निवर्तल्या.

इथं साक्ष पक्की आहे. लेक खरी, दिवा खरा, उजेड खरा, पाहणारा बाप खरा. आणि तरी हे चित्र असंख्य लोकांनी रविवर्म्याचं म्हणून पाहिलं, आजही फोनवरून त्याच नावानं फिरवतात. रविवर्मा १९०६ मध्ये वारला. चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांचं आहे.

या चित्रापुढे आणखी एका ग्रंथाची आठवण होते. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या 'पंचदशी'तल्या सहाव्या प्रकरणाचं नावच चित्रदीप. जग आणि ब्रह्म यांचं नातं सांगण्यासाठी विद्यारण्य चित्रकाराच्या कापडाच्या चार अवस्था घेतात: धुतलेलं, खळ देऊन ताठ केलेलं, रेघांनी आखलेलं आणि शेवटी रंगवलेलं. मग ते एक विलक्षण निरीक्षण नोंदवतात. चित्रातली माणसं वस्त्रं नेसलेली असतात आणि ती वस्त्रं चित्राला आधार असलेल्या खऱ्या कापडासारखीच भासतात. खरं कापड मात्र सगळ्यांच्या खाली एकच. वेदान्त्यासाठी निष्कर्ष सरळ आहे: भास सोडा, कापड ओळखा. चित्रकार इतक्या सहज तो मान्य करणार नाही, आणि करूही नये. पण पारदर्शक जलरंगात काम करणाऱ्याला विद्यारण्यांचं म्हणणं हातानं कळतं. तिथं पांढरा रंग लावत नाहीत. सगळ्यात तेजस्वी जागा म्हणजे रंग न लावता राखलेला कागद. ती आधीच ठरवावी लागते, कारण एकदा रंग चढला की ते पांढरेपण परत येत नाही. ज्योत उजळते ती चित्रकारानं भोवतीचा अंधार थरावर थर देऊन तिथवर आणला आणि नेमक्या कडेला हात थांबवला म्हणून.

"हे हातानं काढलंय कशावरून?" या प्रश्नाला अशा थांबलेल्या हाताइतकं चांगलं उत्तर नाही, आणि ते छापील प्रतीत किंवा फोनच्या पडद्यावर दिसत नाही, कारण पडदा सगळंच आतून उजळवतो. ते मूळ चित्रापुढे जाऊनच पाहावं लागतं. गडहिंग्लजहून संकेश्वरला निघालं की बंगळूरचा महामार्ग लागतो, आणि पुढं म्हैसूर एका दिवसाच्या टप्प्यात येतं. जे जातील त्यांनी परतल्यावर एवढं करावं: तेच चित्र फोनवर रविवर्म्याच्या नावानं आलं, तर पाठवणाऱ्याला सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे नाव पूर्ण लिहून कळवावं.