पहिली फेरी

जुनी मोटार विकत घ्यायची आणि तिची सगळी दुरुस्ती स्वतःच्या हातांनी करायची, असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा हिने एकच प्रश्न विचारला. "अहो, कुकरच्या झाकणाची मूठ तुम्हीच बसवली होतीत ना?" ती मूठ पुढे आमटीत कशी सापडली, हा इतिहास इथे सांगण्याचं कारण नाही. शिवाय कुकर हा माझा विषयच नव्हे.

या निश्चयाला कारण झाली ती आमची नवी गाडी. एके दिवशी तिच्या डॅशबोर्डावर एक पिवळा दिवा लागला. गाडी वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या मुलाने तिला लॅपटॉप जोडला आणि पडद्याकडे बघत, "सेन्सर गेलाय" असं सांगितलं. मी विचारलं, "कुठे असतो हा सेन्सर?" तो म्हणाला, "आत." मी विचारलं, "तो गेला हे कशावरून?" तो म्हणाला, "सिस्टिम दाखवतेय." मुकाट्याने पैसे भरले आणि घरी आलो. वाटेत लक्षात आलं, की मी या गाडीचा मालक नाही, पालक आहे. शाळेची फी भरणाऱ्या पालकाला शाळेत काय चाललंय हे जेवढं कळतं, तेवढंच मला तिच्यातलं कळतं.

तेव्हा गाडी अशी हवी की जिच्या पोटातलं आपल्याला कळेल. आणि ती युरोपातलीच हवी. हा शेवटचा हट्ट ऐकून वरच्या मजल्यावरचे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हसले. पण माझ्या लहानपणी रस्त्यावर धावणाऱ्या आपल्या 'देशी' गाड्यांची कुळं शोधली तर ती थेट युरोपात निघतात. अँबॅसडर म्हणजे इंग्लंडातली मॉरिस ऑक्सफर्ड, स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे तिथलीच ट्रायम्फ, आणि फियाट तर नावातच इटलीतलं तुरीन गाव घेऊन आलेली. आपण त्यांना देशी म्हणत होतो, ते बटाट्याला म्हणतो तसं.

पाहण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पहिलं स्थळ होतं बारा वर्षांची एक जर्मन गाडी. किंमत ऐकून मला आनंद झाला आणि तिथेच संशय यायला हवा होता. जी गाडी नवी असताना आपल्या आवाक्याबाहेर होती, ती जुनी झाल्यावर आवाक्यात येते. पण तिचे सुटे भाग मात्र नव्या गाडीच्याच तोऱ्यात राहतात. बॉनेट उघडलं, तर आत काळ्या प्लास्टिकचं मोठं झाकण. इंजिन अंतरपाटापलीकडच्या नवरीसारखं अदृश्य. "पिवळा दिवा लागला तर?" मी विचारलं. "लॅपटॉप लावायचा," मालक म्हणाले. मी चहा न घेता उठलो.

दुसरं स्थळ बीटल. स्वतःच्या हाताने दुरुस्ती करणाऱ्यांची ही जगन्मान्य लाडकी. इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारं. त्यामुळे रेडिएटर नाही, पाणी नाही, पाण्याची गळती नाही. २००३ साली मेक्सिकोत शेवटची बीटल बाहेर पडली, तोवर त्यांची संख्या दोन कोटींच्या वर गेली होती. पण त्या दोन कोटींतल्या आपल्या वाट्याला फार थोड्या आल्या. भाग परदेशातून मागवावे लागतात, आणि ज्याच्याकडे ती आहे तो विकायला काढूनही विकत नाही. मी गाडी पाहायला गेलो होतो, पण तासभर प्रश्न त्यांनीच मला विचारले. पार्किंगला छप्पर आहे का, इथवर उत्तरं बरोबर आली. मी तिथे नापास झालो.

राहिली फियाट. १९५३ साली इटलीत जन्मलेली ११००. आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याला वाढली. तिच्या जुन्या, फुगीर अवताराला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटलं, ते प्रेमाने. १९६४ नंतरची 'डिलाइट', मग 'प्रेसिडेंट', आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. तुरीनच्या पोरीला चितोडच्या राणीचं नाव मिळालं आणि कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. या शतकाच्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलेलं होतं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. पण इतकी वर्षं इतक्या टॅक्सीवाल्यांनी ती चालवली, की तिचं इंजिन उघडलेलं असताना रस्त्याने जाणारा कोणीही थांबतो आणि सल्ला देतो. आणि दहांतले चार सल्ले बरोबर असतात. सुटे भागही जुन्या बाजारात चिकाटीने शोधले तर अजून मिळतात.

जुनी गाडी पाहायला जाताना खिशात लोहचुंबक न्यावं, हे मी तोवर शिकलो होतो. चुंबक पत्र्यावरून फिरवायचं. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. पायाखालची मॅटिंग उचलून तळ बघायचा, दाराखालच्या पट्ट्या ठोकून बघायच्या. इंजिन थकलेलं असेल तर चालेल. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ते ऑइल पितंय एवढंच, ते खोलता येतं. पण गंजून गेलेला पत्रा म्हणजे वाळवी लागलेलं घर. रंग कितीही द्या. या नियमाने मी सहा पद्मिनी पाहिल्या. प्रत्येकीला पूर्वी एकच मालक होता आणि तो मालक डॉक्टर होता. पुण्यातल्या डॉक्टरांनी आयुष्यभर दुसरं काही केलं की नाही कोण जाणे. पण फियाटी मात्र जपून वापरल्या. सहाही गाड्यांना "एक रुपयाचं काम नाही" असं सांगण्यात आलं, आणि दोन ठिकाणी माझं चुंबक दाराला न चिकटता खाली पडलं.

सातवी १९८६ सालची. मालक एक निवृत्त गृहस्थ. डॉक्टर नव्हते. त्यांनी किल्लीच्या आधी माझ्या हातात एक वही दिली. तीत गाडीचे दोष लिहिलेले होते, नंबर घालून. एक, पावसात डाव्या दारातून पाणी येते. दोन, दुसरा गिअर टाकताना घाई करू नये. तीन, उन्हाळ्यात चढावर पेट्रोल पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं सावलीत बसावं. असे एकूण सतरा. "किंमत कमी करायला हवी का?" त्यांनीच विचारलं. मला कमी करा म्हणवेना. सहा निर्दोष गाड्या सोडून मी ही सतरा दोषांची घेतली. बिनदोषांची जुनी गाडी नसतेच; न सांगितलेल्या दोषांची असते.

पहिले काही महिने सुखाचे गेले. मी प्लग साफ केले, डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट घासून फीलर गेजने त्यांची फट नीट केली, कार्ब्युरेटर खोलला आणि आश्चर्य म्हणजे परत जोडला. एक स्क्रू उरला, तो मी डबीत जपून ठेवला. दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन हिची नोंदणी पुढे चालू ठेवायची असते, तिथेही उत्साहाने जाऊन आलो. मात्र हळूहळू एक गोष्ट लक्षात येऊ लागली, ती फारशी सुखाची नव्हती. पूर्वी गाडी बिघडली की मी मेकॅनिकला शिव्या द्यायचो. आता गाडी वाटेत बंद पडली की शिव्या कोणाला द्यायच्या, हा प्रश्न पडू लागला. आपण मेकॅनिकला पैसे देतो ते निम्मे दुरुस्तीचे आणि निम्मे दोष देण्याच्या हक्काचे. स्वावलंबी माणूस तो हक्कही वाचवलेल्या पैशांबरोबर सोडून देतो.

तरी प्लग आणि पॉइंटपर्यंत ठीक होतं. चुकलं तर गाडी बंद पडते, आपण ढकलतो, लोक हसतात. गांधीजींनी प्रिटोरियात स्वतःचे केस स्वतः कापले होते. मागची बाजू बिघडली आणि कोर्टातले मित्र हसले, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पण त्यात डोकं त्यांचंच होतं. स्वावलंबनाचा धडा शाळेत शिकवतात तो इथवरच.

मग वहीतला अकरावा दोष पुढे आला: ब्रेकची रबरं बदलावी लागतील. फियाटच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. पेडल दाबलं की तेल नळ्यांतून चाकापर्यंत दाब नेतं. तेल दबत नाही, म्हणून गाडी थांबते. हवा दबते, म्हणून नळीत बुडबुडा राहिला तर आपण पेडल दाबतो, बुडबुडा दबतो, आणि गाडी चालत राहते. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल सैल करून बुडबुडे बाहेर सोडायचे आणि पेडल सुटण्याआधी ते आवळायचं. दुसरं माणूस घरात एकच होतं.

"दाब," मी गाडीखालून ओरडलो.

"दाबलंय. सोडू?"

"सोडू नकोस! मी सांगेन तेव्हा सोड."

"अहो, दूध ठेवलंय गॅसवर."

लांबच्या चाकापासून सुरुवात करायची असते, म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढची. शेवटच्या चाकाला असताना सेक्रेटरी आले आणि फियाट किती अ‍ॅव्हरेज देते असं विचारू लागले. मी सविस्तर सांगितलं. तेवढ्या वेळात तेलाची कुपी रिकामी होत आली, हे मी पाहिलं नाही. नंतर ती भरली. पेडल जरा मऊ लागत होतं. नवी रबरं आहेत, बसतील, असं मी स्वतःला सांगितलं. मेकॅनिकने हेच सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. शेजारी ही, मागे सेक्रेटरी आणि त्यांची सात वर्षांची नात. सोसायटीच्या फाटकापुढे छोटा उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी एक भाजीवाली हातगाडी लावते. मी ब्रेक दाबला. पेडल मुकाट्याने खाली गेलं आणि तळाला टेकलं. पुन्हा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि हातगाडी यांच्यात एक मेथीची जुडी मावली असती. भाजीवाली एवढंच म्हणाली, "काका, दिसत न्हाई व्हय?" मागून नात म्हणाली, "आजोबा, पुन्हा!"

कोणी काही बोललं नाही. रिक्षाने लग्नाला गेलो. जेवताना मी मनातल्या मनात दोषी शोधत होतो. सेक्रेटरींनी मधेच अ‍ॅव्हरेज विचारलं. दूध उतू गेलं. ब्रेक ऑइल भेसळीचं असेल. उतार नगरपालिकेने केला. जिलेबीपर्यंत सगळे निर्दोष सुटले आणि पिंजऱ्यात मी एकटा उरलो. प्रश्न सरळ होता. स्वतः शिकण्याची हौस माझी. मग त्या हौसेत भाजीवालीला आणि सात वर्षांच्या पोरीला ओढण्याचा अधिकार मला कोणी दिला? त्यांनी तर माझं चुंबकही पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी कुपी बघितली, मान हलवली आणि वीस मिनिटांत हवा काढली. पेडल दगडासारखं झालं. मी विचारलं, "मिस्त्री, तुम्ही रोज लोकांचे ब्रेक करता. रात्री झोप कशी येते?"

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "साहेब, चूक कुणाकडनंबी होती. म्हणून ब्रेकचं काम केलं की पयली फेरी मी मारतो. एकटाच. मोकळ्या रस्त्यावर, हळू. मग किल्ली देतो गिऱ्हाइकाला."

मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. पण जबाबदारी म्हणजे काय, याचं इतकं आटोपशीर उत्तर मला कुठे मिळालं नव्हतं. मिस्त्रीला चूक होणार नाही याची खात्री नसते. चूक झालीच तर ती आधी कोणाच्या अंगावर येईल, एवढं तो ठरवून ठेवतो. त्या दिवशी वहीत मी अठरावा दोष लिहिला: मालक स्वतःचं काम तपासत नाही.

गाडी विकली नाही. यंदा पुन्हा ब्रेकची रबरं बदलली. कुपीवर डोळा ठेवला, सेक्रेटरींना फाटकाबाहेर उभं केलं, आणि शेवटी मिस्त्रींना बोलावून पेडल दाबायला लावलं. त्यांनी दोनदा दाबलं आणि "बरं हाय," म्हणाले. मग सकाळी सहा वाजता, हातगाडी लागायच्या आत, मी पहिल्या फेरीसाठी किल्ली घेऊन खाली उतरलो. दार उघडतो तर शेजारच्या सीटवर ही बसलेली.

"अगं, उतर," मी म्हटलं. "पहिली फेरी काम करणाऱ्याने एकट्याने मारायची असते."

"मग?" ही म्हणाली. "पेडल कोणी दाबलं होतं?"

आम्ही फाटकाबाहेर पडलो. हळू.