स्फटिक घासून लाली जात नाही

भ्रम नाहीसा व्हायला ज्ञान पुरते, की ज्ञान झाल्यावरही काही करावे लागते? वेदान्तातला हा वाद फार जुना आहे. शंकराचार्यांचा पक्ष सर्वांना ठाऊक आहे. दोरी ओळखली की साप उरत नाही, त्याच्यावर काठी उगारावी लागत नाही. बंध अज्ञानाचा असेल तर तो ज्ञानानेच तुटेल, कर्माचा तिथे काही संबंध नाही. समुच्चयवाद्यांना हे पटले नाही. ज्ञानाला कर्माची जोड हवीच, असे ते म्हणत राहिले. हा वाद मोक्षाबद्दलचा आहे हे खरे, पण त्याची तपासणी संगणकावर बिघडलेल्या एखाद्या वर्ड फायलीवर करता येते, असे मला वाटते. एवढ्या मोठ्या प्रश्नाला इतके क्षुल्लक उदाहरण कशाला, असे कोणी म्हणेल. शास्त्रकारांनी तरी काय घेतले होते? शिंपी, दोरी, मडके, स्फटिक. वस्तू लहान असली की चूक नेमकी कुठे झाली हे पडताळता येते. शिवाय फायलीची एक सोय शिंपीलाही नाही: इथे दिसण्यामागचे असणे उघडून वाचता येते. वर्डची 2007 पासूनची फाइल म्हणजे झिप केलेला एक गठ्ठा असतो. तो सोडवला की कोणत्या ओळीला कोणता गुण कुठून चिकटला आहे, हे एक्सएमएलमध्ये लिहिलेलेच सापडते.

पडद्यावर जसे दिसेल तसेच कागदावर उमटेल, ही कल्पना प्रत्यक्षात आली ती 1974 मध्ये, झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात. बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांच्या 'ब्राव्हो' या संपादकाने ती आणली. सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि 1983 मध्ये वर्ड बाजारात आले. वचन मोठे होते आणि ते पाळलेही गेले; फक्त ते एकांगी होते. वर्ड कार्य दाखवते, कारण दाखवत नाही. परिच्छेदाचा समास, ओळींमधले अंतर, कोणती स्टाइल लागली आहे, हे सगळे त्या परिच्छेदाच्या शेवटी एंटर दाबल्यावर पडणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या खुणेशी बांधलेले असते. त्याहून विचित्र गोष्ट सेक्शन ब्रेकची. कागद उभा की आडवा, हेडरमध्ये काय, पृष्ठक्रमांक कुठून सुरू, हे एका विभागाचे गुण त्या विभागाच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठवलेले असतात. म्हणून तो ब्रेक पुसला की वरचा विभाग खालच्या विभागाचे गुण घेतो. पुसणाऱ्याची अपेक्षा नेमकी उलट असते. तो खालच्या पानाकडे बघत राहतो आणि बिघाड वरच्या दहा पानांत झालेला असतो.

अशा वेळी सामान्यपणे घडते ते असे. शीर्षक मध्यभागी येत नाही म्हणून स्पेसबार दाबला जातो, नवा भाग नव्या पानावर जात नाही म्हणून एंटरमागून एंटर. फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली किंवा प्रिंटर बदलला की सगळी उतरंड कोसळते. ही चूक कोणत्या जातीची? प्रभाकर मीमांसकांचे उत्तर मला इथे फार नेमके वाटते. त्यांच्या मते खोटे ज्ञान असे नसतेच. शिंपी चांदी भासते तेव्हा समोर दिसणारे 'हे' खरे असते, आठवलेली चांदीही खरी असते. दोन्ही वेगळी आहेत एवढे ध्यानात येत नाही, तोच भ्रम. स्पेसबार दाबणाऱ्याला समोर दिसते ते खरेच असते, आणि टंकयंत्राची सवयही खरी असते. टंकयंत्रावर मोकळी जागा म्हणजे खरोखरच मोकळी जागा होती. नैयायिक यावर आक्षेप घेतात की नुसत्या न कळण्याने कोणी हात पुढे करत नाही. शिंपी उचलायला वाकणाऱ्याच्या मनात 'ही चांदी आहे' असे ठाम, एकसंध ज्ञान असावे लागते. आक्षेप वजनदार आहे. पन्नास वेळा स्पेस मारणारा माणूस काही कळले नाही म्हणून थांबलेला नसतो. बिघाड जागेचाच आहे असे त्याने ठरवलेले असते. चूक उगवते कशी हे प्रभाकर सांगतात, ती हटत का नाही हे नैयायिक सांगतात, असे म्हणून मी पुढे जातो, कारण खरा मुद्दा वेगळा आहे.

अद्वैत्यांनी भ्रमाचे दोन प्रकार मानले: निरुपाधिक आणि सोपाधिक. दोरीवरचा साप निरुपाधिक. दोरी ओळखली की तो दिसणेसुद्धा थांबते. स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक लाल दिसतो, तो सोपाधिक, म्हणजे शेजारच्या वस्तूमुळे, उपाधीमुळे, होणारा. स्फटिक मुळात रंगहीन आहे हे पक्के कळले तरी लाली जात नाही. फूल जवळ आहे तोवर ती राहणारच. अद्वैती साप-दोरीच्या प्रसंगी नैयायिकांचे मत मान्य करत नाहीत, पण सतराव्या शतकातल्या 'वेदान्तपरिभाषे'ने या फुलाच्या प्रसंगी ते मान्य केले आहे. म्हणजे दोन भ्रमांची जात वेगळी आहे हे त्यांनाही दिसले होते. वर्डमधला बिघाड हा दुसऱ्या जातीचा आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि 8 दाबून न दिसणाऱ्या खुणा उघड्या करा. एंटर, टॅब, ब्रेक सगळे समोर येते, ज्ञान होते, आणि मांडणी मात्र होती तशीच राहते. आडवे पान आडवेच. कारण कळल्याने काहीही दुरुस्त झालेले नसते. आता हात कुठे घालायचा तेवढे समजलेले असते. अज्ञानात केलेले कर्म स्फटिक घासत होते. ज्ञानानंतरचे कर्म फूल उचलते. कर्म दोन्हीकडे आहे.

फूल शोधण्याची रीतही शास्त्रात आहे: अन्वय आणि व्यतिरेक. जे असले की दोष असतो आणि जे काढले की दोष जातो, ते कारण. संशयित परिच्छेद नव्या फायलीत न्या. दोष बरोबर आला तर तो परिच्छेदाचा, नाही आला तर जुन्या फायलीचा. सगळा मजकूर शेवटची परिच्छेदखूण वगळून नव्या फायलीत नेणे हा जाणत्यांचा जुना उपाय याच तर्कावर चालतो. शोधाला शिस्त लागते, कारण थर अनेक आहेत. फायलीचे मूळ ठरलेले गुण, त्यावर परिच्छेदाची स्टाइल, त्यावर अक्षरांची स्टाइल, आणि सगळ्यांच्या वर हाताने थेट केलेला बदल. वरचा थर खालच्याला झाकतो. स्टाइलही दुसऱ्या स्टाइलवर आधारलेली असू शकते, त्यामुळे 'नॉर्मल'मधला फॉन्ट बदलला की भलत्याच जागचे शीर्षक बदलते. मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक गाठ पडते: रोमन अक्षरांचा फॉन्ट आणि आकार एका जागी नोंदलेला असतो, देवनागरीचा दुसऱ्या. एक बदलला म्हणजे दुसरा बदलेलच असे नाही. आकार 14 केला तरी मराठी मजकूर जागचा हलत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथून निघते.

अद्वैत्याकडे यावर उत्तर आहे, आणि ते टाळण्यासारखे नाही. तो म्हणेल, ज्ञानाने लाली जावी असा आमचा दावाच नाही. जाणत्याला लाली दिसते, पण तो फसत नाही. देह असेपर्यंत जगाचा आभास जीवन्मुक्तालाही असतोच. त्याचे बंधन मात्र संपलेले असते. तेवढे पुरेसे आहे. स्वतःपुरते पाहिले तर हे मान्य करावे लागते. ब्रेकची भानगड ज्याला कळली त्याची चिडचिड थांबते, आणि ही काही लहान प्राप्ती नव्हे. पण दस्तऐवज कोणी स्वतःसाठी लिहीत नाही. प्रबंध परीक्षकाकडे जातो, अर्ज कचेरीत जातो, पुस्तक छापखान्यात जाते. माझा भ्रम फिटला म्हणून वाचणाऱ्याच्या हातातले पान सरळ होत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त ज्ञान्यालाही कर्म सुटत नाही असे ठासून मांडले, ते लोकसंग्रहाच्या आधारावर. ज्ञान्याला स्वतःसाठी मिळवायचे काही उरलेले नसेल, पण लोक उरलेले असतात. (याच टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोपही केला होता, अक्षरांची मांडणी त्यांना हलकी गोष्ट वाटत नसावी.) उपाधीतून झालेला दोष चारचौघांसमोर असतो. तो दिसण्यातच असतो, आणि दिसणे एकट्याच्या मालकीचे नसते. म्हणून या जातीच्या भ्रमापुरता तरी समुच्चयवाद्यांचा पक्ष मला बळकट वाटतो.

अधिक अवघड आक्षेप उलट बाजूने येतो. उपाधी दूर केली की खरे स्वरूप प्रकटते, हे गृहीत तरी बरोबर आहे का? मराठीतल्या जुन्या डीटीपी फॉन्टांनी याचा कस पाहिला आहे. कृतिदेवमध्ये 'क' उमटवायला रोमन 'डी'ची कळ दाबावी लागते, आणि फायलीत नोंदही रोमन 'डी' अशीच होते. त्या जागी 'क'चे चित्र रंगवतो तो फॉन्ट. हा तर जास्वंद आणि स्फटिकच. पण इथे फूल उचलून पाहा. फॉन्ट बदलला की मागे शुद्ध मराठी उरत नाही, उरतो रोमन अक्षरांचा अगम्य खच. शोकप्रस्ताव असो की लग्नपत्रिका, सगळा अर्थ लालीतच होता, आणि स्फटिक निरर्थक निघाला. युनिकोडने 1991 पासून देवनागरीतल्या 'क'ला स्वतःचा क्रमांक दिला आणि अर्थ फॉन्टमधून काढून नोंदीत आणला. विंडोज 2000 बरोबर आलेल्या मंगल फॉन्टपासून तो घरोघरी पोचू लागला. तरी प्रकरण मिटले नाही. मराठी वळणाचा 'ल' आणि हिंदी वळणाचा 'ल' यांचा क्रमांक एकच, रूपे दोन. उलट 'दऱ्या'मधला अर्धा र दोन वेगळ्या प्रकारे नोंदता येतो: खाली टिंब असलेल्या र ने, किंवा साध्या र ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही शब्द सारखे, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. म्हणून मूळ काय आणि उपाधी काय, हे प्रतिष्ठेवरून ठरवता येत नाही. नोंद आतली म्हणून ती खरी आणि रूप बाहेरचे म्हणून ते माया, हा नियम कृतिदेवपाशी मोडतो. दर वेळी अन्वय-व्यतिरेकानेच पाहावे लागते: काय काढले असता अर्थ जातो, आणि काय काढले असता फक्त दोष जातो.

बौद्ध इथे म्हणेल, मग स्फटिकही कशाला मानता? एक्सएमएल हाही बिटांचा आभास, बिट हा विजेच्या दाबाचा. थराखाली थर, तळ नाहीच. तळ नसेलही. दुरुस्तीला मात्र तळ लागत नाही. ज्या थराला हात लावला की वरचे बदलते तो थर सापडला की व्यवहार भागतो, आणि नागार्जुनांनीही व्यवहारातले सत्य नाकारले नव्हते.

इथून एक अगदी व्यावहारिक गोष्ट निघते. नव्वदीच्या दशकापासूनच्या मराठी नियतकालिकांच्या, साहित्य संस्थांच्या, छोट्या प्रकाशकांच्या कितीतरी फायली अजून जुन्या फॉन्टांतच पडून आहेत. त्यांत मराठी नाही, मराठीचे नुसते दिसणे आहे, हे जाणून त्या वाचणार नाहीत. त्या फायली उघडताना कोणता फॉन्ट वापरला होता हे सांगणारा माणूस आणि तो फॉन्ट बसवलेले यंत्र, दोन्ही अजून हाताशी आहेत. ज्यांच्याकडे अशा फायली असतील त्यांनी त्या आताच युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात, आणि रूपांतरानंतर रफार, अर्धा र आणि जोडाक्षरे मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावीत.