सुईला न दिसणारें

मनुष्य डोळे मिटून ध्यानास बसला म्हणजे आंत काय घडतें, हें पूर्वीं बसणारानेंच सांगावें आणि इतरांनीं त्यावर विश्वास ठेवावा, असा प्रकार होता. १९२४ सालीं जर्मनींतील येना येथें हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञानें मनुष्याच्या मेंदूंतील विजेच्या हालचालींचा आलेख प्रथम टिपला व १९२९ मध्यें तो प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ पडलें असतां सेकंदाला सुमारें दहा हेलकावे घेणारी एक संथ लाट त्यांत उमटते. तिला अल्फा म्हणतात. डोळे उघडले किंवा कोठें टाळी वाजली, कीं ती मोडते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील आनंद, छीना व बलदेव सिंग यांनीं १९६१ मध्यें योग्यांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. समाधींतील योग्यापुढें प्रखर प्रकाश पाडला, मोठा आवाज केला, तापलेली कांचनळी अंगास लावली. लाट मोडली नाहीं. दोघांनीं तर ४ अंश उष्णमानाच्या पाण्यांत पाऊण तास हात बुडवून ठेवला, तरी ती तशीच वाहत राहिली. पुढें १९६६ त जपानांतील कासामात्सु व हिराई यांनीं झेन साधूंचे आलेख पुढें आणले, ते नेमके उलट! एकच टिकटिक पुन्हा पुन्हा ऐकविली, तर सामान्य माणसाचा मेंदू लौकरच तिची दखल घेईनासा होतो. या साधूंची लाट मात्र दर टिकटिकीस जणुं ती पहिलीच असावी तशी मोडे, आणि क्षणांत पूर्ववत् होई. (१९८१ त अमेरिकेंत बेकर व शॅपिरो यांनीं हेच प्रयोग पुन्हा केले, तेव्हां योगी, झेन साधक व इतरेजन यांच्यांत असा भेद आढळला नाहीं, हेंही नमूद केलेलें बरें.)

तूर्त दोन्ही आलेख खरे धरूं. एकास जग ऐकूं येत नाहीं, दुसऱ्यास तें प्रत्येक वेळीं नव्यानें ऐकूं येतें. नांव मात्र दोहोंस ध्यान हेंच. यांतील चांगलें कोणतें? शेजारच्या खोलींत मूल रडूं लागलें, तर मला दुसराच मनुष्य घरांत असावासा वाटेल. पण ऐकूं येणें म्हणजे उठून जाणें नव्हे, आणि उठणें कांहीं त्या कागदावर उमटत नाहीं. २००४ सालीं विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनीं करुणेचें ध्यान करणाऱ्या तिबेटी परंपरेच्या भिक्षूंच्या मेंदूंत सेकंदाला २५ ते ४२ हेलकाव्यांच्या जोरकस लाटा नोंदविल्या. दहा हजारांपासून पन्नास हजार तासांपर्यंत साधना केलेले ते लोक! त्यांच्याविषयीं मला आदरच आहे. तथापि तो आलेख करुणा मनांत धरून बसलेल्यांचा आहे, कोणाचें अश्रु पुसणाऱ्यांचा नव्हे.

आमचे आजोबा पहांटे तासभर ध्यानास बसत. त्या वेळीं कोणाच्या हातून पेला पडला, तर त्यांचा राग दुपारपर्यंत उतरत नसे. आजीला निराळें आसन नव्हतें. चुलीपाशींच तिचा जप चाले, आणि दूध वर आलें किंवा पाळण्यांत कोणी कुरकुरलें, कीं माळ हातांत तशीच ठेवून ती उठे. येऊन बसली म्हणजे त्याच मण्यापासून पुढें. तिचा आलेख कोणीं काढला नाहीं. काढला असता, तर लाट जागोजाग मोडलेली दिसली असती.