सुतकाचे दिवस आणि पाळीचे तास

अंबरनाथ एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला असलेल्या माणसाचं जवळचं कोणी गेलं, की दुःखाच्या जोडीला रजेची काळजी येते. गाव जळगावकडचं असो की गोरखपूरकडचं, दहाव्या-तेराव्यापर्यंत थांबायचं म्हणजे तेवढे खाडे आणि तेवढा पगार बुडाला. म्हणून कित्येक घरांत हल्ली तिसऱ्याच दिवशी सगळं आटोपतात. काळ बदलला, असं आपण म्हणतो. मला वाटतं, यात नवं फार थोडं आहे.

मनुस्मृतीने सुतक वर्णानुसार वाटलं: ब्राह्मणाला 10 दिवस, क्षत्रियाला 12, वैश्याला 15 आणि शूद्राला महिना. पराशरस्मृतीत मात्र एक अपवाद आहे. शिल्पी, कारागीर, वैद्य, दास-दासी, न्हावी आणि राजा यांना तिने सद्यःशौच, म्हणजे तत्काळ शुद्धी सांगितली. राजाला राज्य चालवायचं होतं. पण दासीला? तिच्यावाचून मालकाचं घर अडत होतं. ज्याचे हात दुसऱ्याला हवेत, त्याचा विटाळ शास्त्रालाही सोयीने विसरता आला.

विटाळाची कल्पना टाकून देण्याजोगीच आहे. पण तिच्या आडोशाने त्या दिवसांत दुसरंही काही घडत होतं. घरात चूल पेटत नसे, शेजारून पिठलं-भात येई. भेटायला आलेली माणसं नुसती बसून राहत. दुःखातल्या माणसाकडून कोणी कामाची अपेक्षा धरत नसे. ज्यू कुटुंबं सात दिवस घरी बसून शोक पाळतात. इस्लाममध्ये आप्तासाठी तीन दिवस, तर विधवेसाठी चार महिने दहा दिवस सांगितले आहेत. उल्हासनगरच्या सिंधी घरांत वडिलांमागे थोरल्या मुलाला नातेवाइकांसमोर पगडी बांधतात. श्रद्धा निरनिराळ्या, पण शोकाला वेळ आणि माणसांची सोबत लागते, हे सगळ्यांनीच ओळखलं.

आपल्या सुधारकांनी पुरोहित आणि पिंड यांच्यावर घाव घातला, तो रास्तच होता. 1873 मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने भटजींवाचून विधी रूढ केले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी टिटवं धरलं. 1956 मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाला बौद्ध वस्त्यांतून माणसं जमतातच. पिंड गेला, जमणं राहिलं. मला ही सुधारणा पूर्ण वाटते.

कारखान्याने नेमका तो वेळच काढून घेतला. 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा दिली. शोकासाठी वेगळा दिवस त्यात नव्हता. कर्मचारी राज्य विमा योजनेत विमाधारक कामगाराच्या अंत्यविधीसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. पण त्याच कामगाराची आई गेली, तर त्याला शोकासाठी म्हणून एक दिवसही हक्काने मिळत नाही. पराशराच्या यादीतला कारागीर आज पाळीवर उभा आहे.

अंबरनाथ-बदलापूरच्या कामगार संघटनांनी पुढच्या करारात, ठेकेदारी कामगारांसह सर्वांसाठी, जवळचं माणूस गेल्यास किमान पाच दिवसांची भरपगारी रजा मागावी. आणि कारखानदारांनी ती मागणीची वाट न पाहता द्यावी.